एकोणीस कुत्री आणि चारशे वॉट

नीलकंठराव वैरागडे यांनी स्वतःच्या हातानं बनवलेला चारशे वॉटचा ॲम्प्लिफायर माणसांच्या आधी कुत्र्यांनी ऐकला. कोणाला ही थाप वाटत असेल तर त्यानं रायपूरला जावं, शंकर नगरातल्या त्यांच्या गल्लीत उभं राहावं आणि वाटेल त्याला विचारावं. कुत्र्यांच्या आकड्यात दोन-चाराचा फरक पडेल, पण नाही म्हणणारा एक माणूस मिळणार नाही.

हा उद्योग त्यांनी हौसेखातर केला नव्हता. रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस हौस करत नाही, तो जबाबदारी घेतो. मागच्या संक्रांतीला मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात त्यांच्या सौभाग्यवती, पद्मिनीबाई, गायला बसल्या होत्या. पद्मिनीबाईंचा आवाज बारीक. देवघरातल्या निरांजनासारखा, जवळ बसाल तर उजेड. आणि मंडळाचे सचिव यशवंतराव यांनी मागवल्या होत्या गावातल्या सगळ्यात मोठ्या डीजेच्या पेट्या. या पेट्यांना वरातीत लोकांच्या खिडक्यांच्या काचा हलवायची सवय. त्यांनी पद्मिनीबाईंचा आवाज तोंडात घेतला, चावला आणि ढेकर दिला. अख्ख्या सभागृहात ऐकू आलं ते नुसतं 'घुम्‌ घुम्‌'. गाणं संपून टाळ्या झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारलं, "गाणं केव्हा सुरू होते वं?"

हे पद्मिनीबाईंच्या कानावर गेलं. त्या घरी आल्या, विजेवरच्या तंबोऱ्याची छोटी पेटी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि गाणं बंद केलं. बंद म्हणजे पार बंद. भाजी निवडताना गुणगुणायच्या, तेही गेलं. नीलकंठरावांनी लग्नानंतर एक्केचाळीस वर्षं त्या गुणगुणण्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. ते थांबल्यावर मात्र त्यांना घरात कुठलंतरी घड्याळ बंद पडल्यासारखं वाटायला लागलं. आठ महिने त्यांनी ही शांतता सोसली. मग दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटता वाटता जाहीर केलं, "येत्या संक्रांतीले तू गाशील. आन माह्या मशीनवर गाशील. शेवटच्या रांगेले शब्द न्‌ शब्द ऐकू येईन."

"तुमी मशीन बनवा," पद्मिनीबाई म्हणाल्या, "गायचं मग पाहू." म्हणजे नाही. पण एक्केचाळीस वर्षांत नीलकंठरावांना एवढं कळलं होतं, की 'मग पाहू' हे 'नाही'च्या घरातलं उघडं ठेवलेलं दार असतं.

कामाला सुरुवात झाली ती गोल बाज़ारातून. मशीन बसवायला पेटारा हवा होता. मनासारखा पत्रा कुठं मिळेना, म्हणून नीलकंठरावांनी भांड्यांच्या दुकानातून हलवायाची असते तसली मोठी ॲल्युमिनियमची परात घेतली.

"कितने लोगों का खाना है, अंकल?" दुकानदारानं विचारलं.

"खाना नहीं है. चार सौ वॉट है."

"चार सौ?" दुकानदारानं परात परत ओढून घेतली. "फिर तो ये छोटी पड़ेगी. दो ले जाओ."

त्यांनी दोन घेतल्या. एक खाली, एक वर झाकण. मध्ये ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर आणि तारा. आणि इथं तारांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, कारण नीलकंठरावांची सारी इभ्रत त्या तारांत होती.

सिग्नलच्या खोलीत हजारो तारा असतात, आणि त्या शाळेतल्या मुलांसारख्या रांगेत उभ्या असाव्या लागतात. सुटी लोंबती तार तिथं गुन्हा मानतात. तारांची जुडी करायची, ती मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधायची आणि दर अर्ध्या इंचावर गाठ मारायची. या कलेत नीलकंठरावांचा हात सबंध विभागात कोणी धरला नव्हता. एकदा एक बडे साहेब तपासणीला आले, त्यांनी ती जुडी पाहिली आणि जोडे बाहेर काढून आत आले, असं नीलकंठराव सांगत. त्यात थोडं मेण असेल, पण आतला दोरा खरा होता.

तर या परातीतही त्यांनी तेच केलं. माइककडून येणारी तार, पेटीकडं जाणारी तार, विजेची तार, झाडून साऱ्या तारा एका जुडीत. तीनशे बारा गाठी. काम पूर्ण झालं तेव्हा पद्मिनीबाईसुद्धा हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. "बाप्पा!" त्या म्हणाल्या. "माह्या लग्नात माही वेणी बी एवढी चांगली नव्हती घातली."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेदहाला, नारळ फोडून, बटण दाबलं.

काही झालं नाही.

घरघर नाही, खरखर नाही. नीलकंठराव श्वास रोखून दोन मिनिटं पेटीला कान लावून बसले. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलं? काहीच नाही! अशी शांतता मोठमोठ्या कंपन्याइले जमत नाही."

"शांतता हाय, पण वास कशाचा येऊन राहिला?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

वास पेटीतल्या छोट्या स्पीकरचा होता. तो, एक अक्षर न बोलता, जागच्या जागी जळून गेला होता. मशीनच्या मागचे ॲल्युमिनियमचे पंखे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या उभ्या पट्ट्या, हात लावता येणार नाही एवढे तापले होते. आणि फाटकाबाहेर सात कुत्री येऊन बसली होती.

भुंकत नव्हती, भांडत नव्हती. ओळीनं बसून, माना एका बाजूला कलंडवून, कीर्तन ऐकायला आल्यासारखी घराकडं पाहत होती. नीलकंठरावांनी बटण बंद केलं. कुत्री भानावर आल्यासारखी एकमेकांकडं बघायला लागली, जराशी शरमली आणि आपापल्या कामाला गेली.

"चमत्कार हाय," पद्मिनीबाई म्हणाल्या.

"चमत्कार नाही. कुठंतरी तार सैल राहिली," नीलकंठराव म्हणाले, आणि मेणाचा दोरा घेऊन बसले.

बातमी फुटायला फाटकाबाहेरची सात कुत्री पुरेशी असतात. पहिले आले समोरचे साहू. त्यांची स्वतःची मोटारपंपाची एजन्सी होती, त्यामुळं जगातला कुठलाही बिघाड हा अर्थिंगचा बिघाड असतो हे त्यांना ठाऊक होतं. परातीत एकदाच डोकावून ते म्हणाले, "हव कका, अर्थिंग के गड़बड़ आय. गड्ढा खोदो, कोयला डालो, नमक डालो, ऊपर से पानी. मशीन गाय हो जाएगी."

नीलकंठरावांनी अंगणात चार हात खड्डा खोदला. खोदताना पद्मिनीबाईंचा कढीपत्ता गेला, तो विषय या घरात अजून मिटलेला नाही. कोळसा आणला, दहा किलो खडं मीठ आणलं. किराणावाल्यानं जाता जाता विचारलं, "किस चीज का अचार है, अंकल?" अर्थिंगची नवी तार मशीनपर्यंत आणली आणि, अर्थातच, सुटी ठेवायची नाही म्हणून त्याच जुडीत घेऊन आणखी चाळीस गाठी मारल्या.

बटण दाबलं. पद्मिनीबाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी मोजलं. "अकरा."

"सातच असतील."

"अकरा हायेत. दोन तर आपल्या मोहल्ल्यातली नाहीत. पाहुणे दिसते."

मग आले शेजारचे नाना. नाना तहसील कचेरीतून निवृत्त झालेले आणि वास्तुशास्त्रात शिरलेले. त्यांनी मशीनला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि निदान केलं, "नीलकंठराव, तुमी अग्नी वायव्येले काहून ठेवला? हे मशीन आग्नेयेले पाहिजे. तिथं ठेवलं की आपोआप निवते."

आग्नेयेला होतं स्वयंपाकघर. मशीन ओट्याशेजारी गेलं. पेट्या बाहेरच्या खोलीतच राहिल्या, म्हणून तारा लांबवाव्या लागल्या. लांबवलेल्या तारा लोंबल्या, म्हणून त्याही जुडीत आल्या. जुडी आता मनगटाएवढी झाली होती आणि देखणी तर अशी, की नाना तिच्यावरून हात फिरवून म्हणाले, "हिले मशीनमंधी ठेवण्यापेक्षा शोकेसमंधी ठेवा जी."

बटण दाबलं. "एकोणीस," पद्मिनीबाई म्हणाल्या. त्यांनी आता मोजून आश्चर्य करणं सोडून दिलं होतं. तापलेल्या पंख्यांवर ताटली ठेवून त्या बिजौऱ्या वाळवायच्या. तिळाच्या या वड्या उन्हात तीन दिवस घेतात, चारशे वॉटवर चाळीस मिनिटांत होतात. शेजारच्या दोन बायका आपल्याही ताटल्या घेऊन यायला लागल्या. नीलकंठरावांना हे फार लागलं. ज्या मशीननं कला ऐकवायची, तिच्यावर बायका वड्या सुकवत होत्या आणि वर म्हणत होत्या, "भाऊजी, जरा आणखी गरम करता येते काय?"

मधल्या काळात परवानगी काढायची होती. ध्वनियंत्र लावायचं तर कागद लागतो. नीलकंठराव कागदपत्रांचे भक्त. तीन प्रती घेऊन दफ्तरात गेले. खिडकीमागच्या बाबूनं अर्ज वाचला आणि पेन ठेवलं.

"वाहन क्रमांक नहीं लिखा."

"वाहन नहीं है. ॲम्प्लिफायर है. परात में है."

"डीजे गाड़ी पर होता है. कॉलम है तो गाड़ी होगी. गाड़ी नहीं तो कॉलम क्यों होगा?"

या युक्तिवादापुढं नीलकंठराव क्षणभर नतमस्तक झाले. मग त्यांनी आपल्या स्कूटरचा नंबर लिहिला. बाबूला समाधान वाटलं. "ठीक. अब गाड़ी निरीक्षण के लिए ले आइए." स्कूटर सहा वर्षं सुरू झाली नव्हती. पौषातल्या उन्हात नीलकंठरावांनी ती अडीच किलोमीटर ढकलत नेली, बाबूनं खिडकीतूनच तिच्याकडं एक नजर टाकली आणि शिक्का मारला. कागदावर आलं: 'एक दुपहिया, ध्वनि यंत्र सहित.' स्कूटर पुन्हा अडीच किलोमीटर ढकलत परत आली. भारत सरकारच्या लेखी आजही ती डीजे आहे.

संक्रांतीच्या आधीच्या बुधवारी यशवंतराव आले. फाटकाशी एकोणीस श्रोत्यांमधून वाट काढताना त्यांचा धोतराचा सोगा एकाच्या शेपटीवर पडला, पण त्या कुत्र्यानंही वळून पाहिलं नाही, एवढी त्याची तंद्री. यशवंतराव आत आले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "हॅलो."

पेटीतून जे आलं त्याला 'हॅलो' म्हणणं कठीण आहे. पडसं झालेल्या कोंबड्याला पोत्यात घालून विचारलं असतं 'बरं आहे ना?', तर त्यानं असं उत्तर दिलं असतं. पाठोपाठ तोच वास. दुसरा छोटा स्पीकरही गेला.

यशवंतरावांनी माइक हळूच, मेलेल्या माणसाचा हात ठेवावा तसा, खाली ठेवला. "हे पाहा नीलकंठराव, रविवारी चार वाजता कार्यक्रम हाय. मी डीजेवाल्याले सांगून ठेवतो. गाडी बाहेर उभी राहीन. तुमचं मशीन बोललं तर ठीक, नाही तर..." मग ते स्वयंपाकघराकडं वळले. "वहिनी, मले आज पत्रिका छापायले द्याची हाय. तुमचं नाव टाकू काय? डीजेवर तर तुमी गात नाही मन्ता."

नीलकंठराव खाली मान घालून आपल्या जुडीकडं पाहत होते. खाली मान घातलेला हा माणूस पद्मिनीबाईंनी क्वचितच पाहिला होता.

"टाका," आतून आवाज आला.

"काय मन्ता?"

"टाका मन्लं ना. पहिलं टाका."

यशवंतराव गेल्यावर पद्मिनीबाई बाहेर आल्या. "मी हो मन्लं. आता इज्जत सांभाळत बसून चालत नाही. मशीन कोण्या जाणत्याले दाखवा."

"कोणाले दाखवू? जाणता मी हाय."

"त्या गुढ़ियारीच्या बाबारावले दाखवा."

नीलकंठरावांना चक्कर यायची बाकी राहिली. गुढ़ियारीचा बाबाराव म्हणजे धुमालवाल्यांची मशीनं दुरुस्त करणारा माणूस. धुमाल म्हणजे छत्तीसगडातली वाजंत्री, गाडीवर चढवलेला ढोल आणि भोंग्यांचा डोंगर. सिग्नल खात्याचा माणूस धुमालच्या मिस्त्रीकडं! पण पत्रिका छापायला गेली होती, आणि पत्रिकेत नाव पहिलं होतं.

गुरुवारी सकाळी दोघं परात मांडीवर घेऊन ई-रिक्षातून गुढ़ियारीला पोचले. मालधक्क्याजवळ एका गाळ्यात बाबाराव बसला होता. साठीचा, जाड काचांचा चष्मा, कानात पेन्सिल. समोर एका धुमालवाल्याचं मशीन उघडं पडलं होतं. नीलकंठरावांनी आत पाहिलं आणि ते पाऊलभर मागं सरकले. कावळ्याचं घरटं! एक तार इकडून गेलेली, दुसरी तिकडून हवेतच निघालेली, कुठं गाठ नाही, कुठं दोरा नाही. बाबारावनं बटण दाबलं आणि ते घरटं अशा खणखणीत, स्वच्छ आवाजात गायला लागलं, की समोरच्या गोदामातल्या हमालांनी पोती खाली ठेवली.

एवढी घाणेरडी वस्तू एवढं सुंदर बोलू शकते, हा नीलकंठरावांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीवरचा अन्याय होता.

बाबारावनं वरची परात काढली. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. जुडीवरून बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "हे कोनं बांधलं?"

"मी."

"चाळीस वर्षं झाली मले या धंद्यात. असं काम मी पाहिलं नाही." दोन माणसं एकमेकांच्या कामापुढं हात जोडायच्या बेतात उभी होती. मग बाबाराव म्हणाला, "आता दाखवतो काय होऊन राहिलं ते."

त्यानं कोपऱ्यातला एक हिरव्या पडद्याचा जुना यंत्रडबा ओढला, त्याच्या दोन तारा मशीनला लावल्या, गाळ्यातली एक पेटी जोडली आणि बटण दाबलं. माइक जोडलेला नव्हता. गाणं नव्हतं. गाळ्यात शांतता होती. आणि पडद्यावर एक हिरवी लाट उभी राहिली. उंच, दाट, थरथरती. शेतातल्या धानासारखी अंगाला अंग लावून हलणारी.

"हे काय?" नीलकंठरावांनी विचारलं.

"गाऊन राहिलं ते," बाबाराव म्हणाला. "पूर्ण ताकदीनं. एका सेकंदात चाळीस हजार झोके. तुमाले-मले ऐकू येत नाही एवढ्या वर. छोटे स्पीकर यानंच जळते. पंखे यानंच तापते. आन..." त्यानं दाराकडं बोट केलं. गुढ़ियारीची चौदा धष्टपुष्ट कुत्री माना कलंडवून उंबऱ्याशी बसली होती.

पद्मिनीबाई त्या लाटेकडं पाहत राहिल्या. "म्हणजे दीड महिना हे माह्या घरात बसून गाऊन राहिलं होतं? आन मी त्याच्यावर बिजौऱ्या वाळवल्या?" त्यांनी नकळत परातीला नमस्कार केला.

"पण काहून गाते?" नीलकंठरावांनी विचारलं.

"तुमी बांधलं म्हणून, साहेब." बाबारावनं जुडी उचलली. "ही माइकची तार. ही पेटीची तार. तुमी दोघीइले एका दोऱ्यात बांधलं. आतमंधी जाणारी बारीक कुजबुज, आन भाईर येणारी चारशे वॉटची बोंब. बोंब जाते कुजबुजीच्या कानात, ते पुन्हा मोठी होऊन भाईर येते, पुन्हा कानात. सिग्नलच्या तारा एकमेकीचं ऐकत नसतीन. ह्या ऐकते. आन जेवढी जुडी घट्ट, तेवढी जास्त ऐकते."

सात, अकरा, एकोणीस. नीलकंठरावांच्या डोळ्यांपुढून तिन्ही आकडे गेले. दर वेळी त्यांनीच गाठी वाढवल्या होत्या. बिघाड शोधायला ते दीड महिना सगळ्या घरात हिंडले होते, अंगण खोदलं होतं, आणि बिघाड त्यांच्या हातातल्या दोऱ्यात होता.

"मग उपाय?"

बाबारावनं कैची पुढं केली. "मी नाही कापत. ज्यानं बांधलं त्यानं कापावं. माह्या हातून हे पाप होत नाही."

त्या कैचीला हात लावायला नीलकंठरावांना किती वेळ लागला हे सांगण्यात अर्थ नाही. मालधक्क्यावर एक अख्खी गाडी खाली झाली एवढं पुरे. शेवटी पद्मिनीबाई खाली बसल्या, त्यांनी जुडीचं एक टोक आपल्या हातात घेतलं, ताणून धरलं आणि म्हणाल्या, "कापा. मी धरते."

पहिली गाठ तुटली. पन्नास तुटल्या. मेणाचे तुकडे मांडीवर पडत होते, आणि पडद्यावरची लाट, वारा पडावा तशी, बसत चालली होती. दोनशेव्या गाठीला कुत्र्यांत चुळबुळ सुरू झाली. तीनशेच्या पुढं एकेक उठून निघालं. बाबारावनं माइकची तार उजवीकडं वळवली, पेटीची डावीकडं, दोन्हींत हातभर अंतर ठेवलं, पेटीच्या तोंडाशी एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर टाचला, आणि जळालेल्यांच्या जागी बसवायला दोन नवे छोटे स्पीकर दिले. शेवटची गाठ तुटली तेव्हा पडद्यावर एक सरळ रेघ होती. दवाखान्यात अशी रेघ आली की लोक रडतात. इथं तीन माणसं खुळ्यासारखी हसत होती. दाराशी उरलेल्या शेवटच्या कुत्र्यानं आळस दिला आणि ते गोदामाकडं चालतं झालं.

रविवारी चार वाजता सभागृह भरलेलं होतं. बाहेर यशवंतरावांची डीजेची गाडी इंजिन सुरू ठेवून उभी होती. रंगमंचाच्या कडेला नीलकंठराव आपल्या परातींपाशी बसले होते. आतलं घरटं कोणाला दिसू नये म्हणून वर पद्मिनीबाईंची शाल टाकलेली. तंबोऱ्याची पेटी फळीवरून उतरली होती, पण अजून सुरू व्हायची होती. कार्यक्रमपत्रिकेतलं पहिलं नाव पुकारलं. पद्मिनीबाई माइकपुढं येऊन बसल्या. नीलकंठरावांनी बटण दाबलं, आवाज वाढवला.

काही झालं नाही.

घुम्‌ नाही, खरखर नाही, शिट्टी नाही. मागच्या वर्षी बटण दाबताच छातीत धक्का बसलेले दोनशे लोक वाट पाहत राहिले. ऐकण्याजोगं एवढंसुद्धा काही पेट्यांतून येईना. यशवंतराव दाराकडं सरकले आणि त्यांनी गाडीवाल्याला हात वर केला. पद्मिनीबाईंनी हे पाहिलं. त्यांनी मशीनकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. मशीन चालू आहे हे सांगायला नीलकंठरावांनी तोंड उघडलं, पण त्या आधी पद्मिनीबाईच, त्यांच्याकडं जरा वाकून, रात्री अंथरुणावर बोलावं तेवढ्या आवाजात बोलल्या. वाकताना माइक हनुवटीखालीच होता.

"अहो, राहू द्या. हे काही बोलत नाही. तुमी जीव नका लहान करू. माह्या आवाजासाठी तुमी तीन महिने त्या तारांपाशी बसले, मले तेच पुरलं. गाणं काय, उद्या घरी गाईन मी, तुमालेच ऐकवीन. आता त्या यशवंतरावले वाजवू द्या त्याचा भोंगा."

शब्द न्‌ शब्द. पहिल्या रांगेला, शेवटच्या रांगेला, बाल्कनीत, दाराशी हात वर करून उभ्या असलेल्या यशवंतरावांना, आणि बाहेर पानठेल्यावर सुपारी कातरणाऱ्या माणसाला. मोठा नव्हता तो आवाज. तेवढाच होता, जेवढा कानाजवळ असतो. फक्त चारशे कानांजवळ एकाच वेळी होता. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तर मान वळवून आपल्या खांद्याशी कोण बोललं हे पाहिलं.

पद्मिनीबाईंना लोकांचे चेहरे दिसले. त्यांनी दचकून "अरे देवा" म्हटलं, आणि ते 'अरे देवा' चारी भिंतींतून त्यांच्याकडं परत आलं. सभागृहात कोणीतरी हुंदका दिला का हसलं हे कळलं नाही, कारण मग सगळेच काहीतरी करायला लागले. यशवंतरावांचा वर केलेला हात खाली यायचा राहून गेला होता. गाडीवाला त्याच्याकडं पाहत इंजिन बंद करून बसला.

पद्मिनीबाईंनी पदर सारखा केला. तंबोरा लावला. आणि त्या गायल्या.

कसं गायल्या हे शब्दांत सांगता येत नाही. पण मागच्या वर्षी 'गाणं केव्हा सुरू होते' विचारणाऱ्या त्या बाई गाणं संपल्यावर काही न विचारता उठल्या, तिळगुळाची वाटी घेऊन रंगमंचावर गेल्या आणि पद्मिनीबाईंच्या पाया पडल्या. त्या वयानं पद्मिनीबाईंपेक्षा चार वर्षांनी मोठ्या होत्या.

नीलकंठरावांनी मशीनवर बोलायला सात मिनिटांचं भाषण तयार केलं होतं. किती वॉट, किती ओहम, घरघर कशी शून्य. ते कोणी विचारलं नाही. जो तो तिळगूळ हातावर ठेवून एवढंच म्हणे, "नीलकंठराव, भाग्यवान हाय बॉ तुमी." शंभर माणसांनी भाग्यवान म्हटलं, एकानं हुशार म्हटलं नाही. त्यांचा मान इतक्या ठिकाणी दुखावला की शेवटी त्यांनी मोजायचं सोडून दिलं.

परतताना ऑटो केला. परात पायाशी, पेट्या मागं. ऑटोवाल्याचं गाणं जोरात चाललं होतं. नीलकंठरावांनी घसा साफ केला.

"तू ते मन्ली ते... खरं मन्ली काय?"

"काय मन्लं मी?"

"तेच. तेच पुरलं, असं काहीतरी."

"दोनशे लोकाईले ऐकू आलं," पद्मिनीबाई म्हणाल्या. "तुमालेच नाही आलं?"

"आलं. पण मी मशीनच्या मागं होतो ना. मागं जरा कमीच येते."

पद्मिनीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, कुठं माइक नाही याची खात्री करून घेतली आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

आणि आता जे सांगतो ते एकोणीस कुत्र्यांच्या गोष्टीपेक्षाही कमी लोकांना पटतं. रायपूरच्या त्या ऑटोवाल्यानं, कोणी न सांगता, आपलं गाणं बंद केलं.